वार्षिकांकाने शिकविलेली मांडणी

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम हाती घेतले, तेव्हा मांडणी म्हणजे केवळ सजावट, असा आमचा समज होता. पहिल्याच अंकात आम्ही समूहछायाचित्र दोन पानांवर पसरविले आणि मध्यभागी उभ्या असलेल्या शिपाईकाकांचा चेहरा बांधणीत गडप झाला. ते त्याच वर्षी निवृत्त होत होते. छापून झालेली चूक पुसता येत नाही, हे तेव्हा कळले.

पुढे पान डोळ्यांसमोर ठेवूनच आम्ही छायाचित्रे टिपू लागलो. चेहऱ्यांभोवती मोकळी जागा असावी, नजर मजकुराकडे वळलेली असावी. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने ६ इंच रुंदीसाठी १८०० पिक्सेल लागतात. छपाईपूर्वी मूळ आकाराचा नमुना काढून, दुमडून, प्रत्येक चेहरा दिसतो ना, हे पाहण्याची सवय आम्हांला त्या काकांमुळेच लागली.