ढेकूण, उंदीर आणि अकरा महिन्यांचा करार

भाड्याच्या घरातील ढेकूण हा आजवर विनोदाचाच विषय मानला गेला. हक्काचा विषय तो क्वचितच झाला. वस्तुतः हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. १८९६ साली मांडवीत आढळलेला प्लेग दाट वस्तीतून पसरला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना करावी लागली. घराचे आरोग्य ही केवळ राहणाऱ्याच्या टापटिपीची बाब नव्हे, हे तेव्हाच मान्य झाले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार, करारात विरुद्ध अट नसल्यास, घर राहण्यायोग्य व दुरुस्त राखण्याचे बंधन मालकावर आहे. त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम न झाल्यास ते स्वतः करवून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. हिशेब व पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा असल्याने त्या जपणे अगत्याचे.

अर्थात या कलमात ढेकूण वा वाळवी यांचा नामनिर्देश नाही. फुटलेली मोरी, भिंतीतील बिळे, पोखरलेल्या चौकटी यांची डागडुजी दुरुस्तीत मोडते, हे म्हणणे सयुक्तिक आहे; निव्वळ औषधफवारणीबाबत मालक हुज्जत घालू शकतो. म्हणून नोटिशीत मुळाशी असलेल्या इमारतीच्या दोषावर बोट ठेवणे शहाणपणाचे. रागाच्या भरात भाडेच थांबवणे मात्र आत्मघातकी ठरते. थकबाकीची मागणी करणारी नोटीस देऊन ९० दिवस उलटल्यावर मालकाला ताब्यासाठी दावा लावता येतो.

खरा पेच पुढेच आहे. शहरात आज नव्याने बिऱ्हाड करणारा शिक्षक, कारकून वा विद्यार्थी बहुधा भाडेकरू नसतोच. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने तो केवळ परवानाधारक असतो आणि कलम १४ चे छत्र त्याला लाभत नाही. त्याच्यासाठी उरतो तो १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम. जीविताला वा मालमत्तेला धोकादायक असा, आपल्याला ठाऊक पण राहणाऱ्याला अज्ञात असलेला दोष मालकाने उघड केला पाहिजे, असे त्याचे कलम ५७ सांगते. परंतु मालकाला तो ठाऊक होता हे सिद्ध कसे करावे? आणि निकाल लागेपर्यंत अकरा महिने थांबतात थोडेच!

तेव्हा जे मिळवायचे ते सहीपूर्वीच मिळवले पाहिजे. कीटकनाशनाचा खर्च कोणाचा, तक्रारीनंतर किती दिवसांत काम व्हावे, आणि ते न झाल्यास पूर्ण अनामत परत घेऊन घर सोडण्याची मुभा, या तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. ढेकूण राहणाऱ्याच्या सामानातूनही येतात, हे मालकाचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच ताबा घेताना दोघांनी मिळून पाहणी करून नोंद ठेवणे उभयतांच्या हिताचे.

तथापि निवाऱ्याच्या शोधात वणवण करणारा माणूस अटी घालण्याच्या स्थितीत क्वचितच असतो. जो हक्क कायद्याने भाडेकरूला दिला, तो परवानाधारकालाही मिळाला पाहिजे. उंदीर काही करारपत्र वाचून घरात शिरत नाहीत.