कौलं साफ करायची, तर पैसे नक्की कशाचे?

मे महिन्यात खालाचा व्हॉइस मेसेज आला. "बेटा, कौलं धुवायला मशीनवाला आलाय. फुटाला पंधरा रुपये म्हणतो आणि वर पंचवीस हजार नऊशे वीसचा हिशेब देतो. आपलं घर बाराशे फूट. अठरा हजार होतात ना? लुटतोय का गं हा?"

खाला रत्नागिरीजवळ गावात एकटी राहते. मुलगा कुवेतला. मशीनवाल्याने परस्पर त्याला फोन लावला होता आणि तो "दे अम्मी, पावसाच्या आधी होऊन जाऊ दे" म्हणून मोकळा झाला होता. कोकणातल्या किती घरांत हे असंच चालतं, तुम्हाला माहीत आहे. घर एकीकडे, पैसे देणारा दुसरीकडे, आणि छपरावर चढून बघणारं कुणीच नाही.

आधी त्या माणसाच्या बाजूने बोलते, कारण मोजणीत त्याची चूक नव्हती. खालाचं घर जमिनीवर 30 बाय 40, म्हणजे 1,200 चौरस फूट. पण कौलं भिंतीपाशी थांबत नाहीत, चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर येतात. म्हणजे 34 बाय 44, झाले 1,496. शिवाय छप्पर उतरतं आहे. उतार 30 अंशांचा धरला तर 1.155 ने गुणायचं, म्हणजे साधारण 1,728. दहावीच्या मुलांना मी हाच त्रिकोण शिकवते आणि ती दरवर्षी विचारतात, "टीचर, हे कशाला लागतं?" घ्या, इथे लागतं. दर फुटावर ठरला की पहिला प्रश्न हाच: फूट जमिनीचे की छपराचे?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. या पैशांत काय काय येतं? मी फोन करून विचारलं. फक्त धुणं. फुटलेली कौलं बदलणं त्यात नाही, सडलेल्या रिपा नाहीत, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ साफ करणं "बघू" म्हणाला.

आता कौलारू घर गळतं ते कशाने? शेवाळ दिसायला वाईट, पण नुसत्या काळ्या डागाने घर गळत नाही. आंबा-फणसाच्या सावलीतल्या बाजूला शेवाळ आणि पाला दोन कौलांच्या जोडात साचतो, पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरून रिपेवर उतरतं. रीप कुजते, कौल खचतं. वानरं नाचून गेली की उरलेलं काम होतं. म्हणूनच आपल्याकडे दरवर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी करायची रीत होती. कौलं ओळीने उतरवायची, काथ्याच्या ब्रशने घासायची, रिपा ठोकून बघायच्या, वाळवी आहे का पाहायचं आणि पुन्हा लावायची. वेळ त्यात जातो, पैसेही त्यातच जातात. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास असतं आणि शंभर चौरस फुटांना दीडशेच्या जवळपास लागतात. खालाच्या छपरावर अडीच हजार कौलं आहेत, म्हणजे सहा टनांहून जास्त माती. ती हातांनी हलवायची आहे.

आमच्या घराचं छप्पर जवळजवळ तेवढंच. आमचा त्याच महिन्यातला हिशेब वहीतून उतरवते. दोन कारागीर हजाराने, दोन मदतनीस सातशेने, तीन दिवस: 10,200. नवी कौलं 110, चाळीस रुपयांनी: 4,400. टेम्पो 1,500. आढ्यावरच्या कौलांना सिमेंट-वाळू 850. एकूण 16,950, चहा-जेवण वेगळं. तुमच्या गावी मजुरी वेगळी असेल, पण बिल मागताना ते असं फोडून मागा. कौलं आणायला जाताना जुनं एक कौल सोबत न्या. प्रत्येक कारखान्याच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात. एकमेकांत बसली नाहीत तर नवीन कौलही गळतं.

प्रेशरच्या मशीनने छप्पर तासाभरात लालभडक दिसतं, हे खरं. पण जोराचा फवारा खालून वर मारला की पाणी जोडातून थेट माळ्यावर जातं, आणि जुन्या कौलाचा वरचा थर खरवडला की पुढच्या वर्षी शेवाळ अधिक घट्ट धरतं. अ‍ॅसिड सुचवलं तर सरळ नाही म्हणा, ते आढ्याचं सिमेंट खातं. छपराचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडत असाल तर ब्लीचिंगही नको. धुतल्यावर लगेच रंग मारून देतो म्हणणारेही भेटतात. ओल्या कौलावरचा रंग एका पावसात सोलतो.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर गोष्ट वेगळी. त्यात बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कॅन्सर होऊ शकतो. ते सुके घासू नका, मशीनने मारू नका, त्यावर कुणाला चढवूही नका. पत्रा अचानक तुटतो.

चढणाऱ्या माणसाचं कुणी विचारत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात एक कारागीर कुजलेल्या रिपेवरून खाली आला, कंबर मोडली. दवाखान्याचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन घरांत अजून बोलणं नाही. तेव्हापासून मी काम ठरवताना दोर आहे का आणि वाशांवर आडवी टाकायला शिडी आहे का, ते बघते. आणि विमा विचारते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये बँक खात्यातून कापले जातात, अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. 18 ते 70 वयाला चालतो, मुदत 31 मेपर्यंत, म्हणजे शाकारणीच्या ऐन मोसमात संपते. यातून दवाखान्याचं बिल भरलं जात नाही, हे लक्षात ठेवा. पण कारागिराकडे तेवढाही नसेल तर वीस रुपये आपण द्यावेत. वर्षातून 90 दिवस बांधकामावर काम केलेल्याला राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणीही करता येते.

बिलात 18 टक्के जीएसटी लावला असेल तर पंधरा अंकी-अक्षरी नंबर बघा. वर्षाला 20 लाखांच्या आतली सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी घेता येत नाही.

मुंब्रा, भिवंडीकडच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एकच सांगते. गच्ची सामायिक असेल तर तिची सफाई आणि गळतीची दुरुस्ती हा सोसायटीचा खर्च आहे. आदर्श उपविधींत पावसाने खराब झालेलं वरच्या फ्लॅटचं छतही त्यातच धरलं आहे. एकट्याने वर्गणी भरू नका, लेखी अर्ज द्या.

खालाने शेवटी गावातल्याच दोघा भावांना बोलावलं. त्यांनी सत्तर कौलं बदलली, नऊ रिपा नव्या घातल्या. मशीनवाल्यापेक्षा पाच हजार कमी लागले, पण दिवस पाच गेले आणि त्या पाचही दिवशी जेवण खालानेच रांधलं. उरलेली तीस कौलं विहिरीपाशी रचून ठेवली आहेत. "वानरांची आहेत ती," म्हणते.