भेग दिसण्याआधी: पुलाला चिकटवलेली तार काय सांगते

उन्हाळ्यात माठ घेताना आपण काय करतो? बोटाने टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द आवाज आला तर परत ठेवायचा. भेग डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज बदलतो. आजचा विषय याच जातीचा आहे. फक्त पुलाच्या बाबतीत टिचकीवर भागत नाही. तिथे आम्ही विजेचा रोध मोजतो.

हा विषय चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या संदर्भात का घ्यायचा, ते आधी सांगतो. 27 नोव्हेंबर 2022 रोजी बल्लारशाह रेल्वे स्थानकावरच्या पादचारी पुलाच्या स्लॅबचा एक भाग खाली रुळांवर कोसळला. एका महिलेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. पुढच्याच वर्षी, 21 ऑक्टोबर 2023 रोजी, सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि त्यांना तडे गेले. हा बंधारा 2019 साली सुरू झालेला, म्हणजे जेमतेम चार वर्षांचा. अशा वेळी लोक एकच प्रश्न विचारतात: आधी कळलं नसतं का?

कळण्याची एक रीत अशी. हाताने शेवया ओढताना पाहिल्या असतील. पीठ ओढलं की ते लांब होतं आणि बारीकही होतं. धातूच्या तारेचंही तसंच. लांब आणि बारीक झालेल्या तारेतून वीज थोडी अवघड जाते, म्हणजेच तारेचा रोध वाढतो. लॉर्ड केल्विन यांनी हे 1856 साली मांडलं. पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे याचं उपकरण केलं: बारीक तार, खाली पातळ थर, आणि ते सगळं वस्तूला घट्ट चिकटवलेलं. याला स्ट्रेन गेज म्हणतात. काँक्रीट ताणलं गेलं की गेजही तेवढंच ताणलं जातं.

किती ताणलं जातं? काँक्रीट ओढ सहन करण्यात कच्चं असतं. एक मीटर लांबी सुमारे 0.1 ते 0.15 मिलिमीटरने वाढली की त्याला भेग पडायला लागते. नेहमीच्या गेजचा रोध 120 ओहम असतो. 0.1 मिलिमीटरच्या त्या वाढीने तो फक्त 0.024 ओहमने बदलतो. साध्या मीटरवर हे दिसायचं नाही. म्हणून व्हीटस्टन ब्रिज वापरतात. ही विजेची तागडीच आहे. चार रोध असे जोडायचे की दोन्ही पारडी समान राहतील. एक रोध किंचित जरी बदलला तरी तागडी झुकते, आणि तेवढं झुकणं मोजता येतं.

आता खरी अडचण बघा. चंद्रपूरचा मे महिना. पहाटेच्या आणि दुपारच्या स्लॅबच्या तापमानात 20 अंशांचा फरक सहज पडतो. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण 0.01 मिलिमीटर वाढतं. म्हणजे नुसत्या 10 अंशांनी ते 0.1 मिलिमीटर वाढलं, जवळजवळ भेग पडण्याइतकं! पण ही वाढ मोकळी असेल तर भेग पडत नाही. शिवाय गेजपासून यंत्रापर्यंतच्या तांब्याच्या तारेचा रोध 2 ओहम असेल, तर 20 अंशांनी तो सुमारे 0.156 ओहमने वाढतो. आपण शोधतोय 0.024, आणि ऊन देतंय त्याच्या सहापट. उन्हाचा हा गोंगाट काढला नाही तर रोज दुपारी पूल धोक्यात आहे असं वाटेल. चार दिवसांनी कोणी त्या इशाऱ्याकडे बघणार नाही.

उपाय आहेत. त्याच काँक्रीटचा एक सुटा तुकडा शेजारी ठेवायचा, त्यावर कसलाही भार नाही, आणि त्याला दुसरं गेज लावून ते तागडीच्या शेजारच्या बाजूला जोडायचं. ऊन दोघांनाही सारखंच लागतं, त्यामुळे उन्हाचा परिणाम कटतो. तारेसाठी तीन तारांची जोडणी करतात. पावसाळ्यात मात्र वेगळाच त्रास. ओल गेजखाली शिरली की वीज भलतीकडून पाझरते आणि रोध खोटाच कमी दिसतो. म्हणून वरचं जलरोधक आवरण गेजइतकंच महत्त्वाचं.

दुसरी अडचण जागेची. गेज जिथे चिकटवलं तिथलंच सांगतं. काँक्रीटवर ते साधारण 60 मिलिमीटर लांबीचं लागतं, कारण 20 मिलिमीटरच्या खडीवर छोटं गेज बसलं तर ते खडीच मोजेल. भेग हातभर अंतरावर पडली तर? गंमत म्हणजे कधीकधी आकडा कमी होतो. भेग उघडली की तिच्या शेजारचा भाग सैल पडतो. म्हणून तोच ट्रक गेला आणि आकडा अचानक घटला, तर खूश व्हायचं नाही, तिथे जाऊन बघायचं.

भेग कुठे पडणार हे ठाऊक असेल, उदाहरणार्थ पोलादी तुळईच्या वेल्डिंगपाशी, तर शिडीसारखं गेज लावतात. दहा सारख्या तारा समांतर, एकूण रोध समजा 1 ओहम. भेग सरकत जाते तशी एकेक तार तुटते. एक तुटली की 1.11, पाच तुटल्या की 2 ओहम. भेग कुठवर आली ते पायरीपायरीने कळतं. सुरजागडचं लोहखनिज भरून जाणारे ट्रक ज्या मार्गांवर धावतात, तिथल्या पोलादी भागांना हे उपयोगी. ताणाचा चढउतार दुप्पट झाला तर वेल्डिंगची थकव्यामुळे होणारी झीज सुमारे आठपट होते.

आता मेडीगड्डाकडे परत. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने पायाखालची वाळू वाहून जाण्याची शक्यता मांडली. खांब पायाच्या स्लॅबशी एकजीव असल्याने पाया खचताच खांबांना तडे गेले. म्हणजे तडा हा शेवटचा अंक होता. खांबावरच्या गेजने इशारा दिला असता, पण उशिरा. तिथे पायाखालच्या पाण्याचा दाब आणि खांबांची पातळी आधी मोजायला हवी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, तेव्हाही धोका नदीच्या बाजूने आला होता. पर्लकोटा, इंद्रावती, प्राणहिता यांच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रश्नांकडे वळण्याआधी एक विनंती. तुमच्या गावच्या पुलाला यंत्र बसवलं असं ऐकलं, तर तीन गोष्टी विचारा. पूल धड असतानाचे पहिले आकडे नोंदवलेत का? आकड्यासोबत तापमान लिहिलं जातं का? आणि आकडा बिघडला तर वाहतूक थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे, त्याचा फोन रात्री दोन वाजता उचलला जातो का? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर पहिल्या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. आता प्रश्न घेऊया.