संशोधन-वाङ्मयाची मोजदाद

अलिबागच्या उत्तरेस समुद्रालगत थळ नांवाचें गांव आहे. तेथील किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग दिसतात; गांवच्या हद्दींत खतांचा मोठा कारखाना आहे. येथून थोड्याच अंतरावर, खुद्द अलिबागेस, एक वेधशाळा इ. स. १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेत आहे. एखाद्या देशाचें शास्त्रीय संशोधन-वाङ्मय किती वाढलें व कोठवर पसरलें, हें मोजावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय. त्यांतील अडचणी या दोन शेजारस्थळांवरून चांगल्या उमगतात.

पहिला मार्ग अगदीं बाळबोध आहे: दरसाल छापले जाणारे शोधनिबंध मोजावे. डेरेक प्राइस हा इंग्रज विद्वान सिंगापूरच्या महाविद्यालयांत शिकवीत असतां त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या, १६६५ सालीं सुरू झालेल्या नियतकालिकाचे जुने खंड घरीं आणून दहा-दहा वर्षांच्या गठ्ठ्यांनीं भिंतीशीं रचले. गठ्ठ्यांची उंची चक्रवाढव्याजाप्रमाणें वाढत गेलेली त्यास दिसली. पुढें त्यानें अनुमान केलें कीं, शास्त्रीय वाङ्मय दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होतें. आपल्याकडील डॉ. रंगनाथन यांनीही १९४८ सालीं ग्रंथालयांच्या कामास गणिताची जोड द्यावी, असें इंग्लंडमधील परिषदेंत सुचविलें होतें.

परंतु निबंध कोणत्या देशाचा म्हणावयाचा? १८५९ सालच्या प्रचंड चुंबकीय वादळावर २००३ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक चार: एक अमेरिकेचा, एक ब्राझीलचा आणि दोघे भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील. प्रत्येक देशाच्या खातीं एकेक निबंध मांडला, तर एकाचे तीन होतात. लेखकांच्या प्रमाणांत वांटणी केली, तर भारताच्या वाट्यास अर्धा येतो. २०१८ सालीं भारताचे सुमारें १ लक्ष ३५ हजार निबंध झाले आणि चीन व अमेरिका यांच्यामागें त्याचा तिसरा क्रम लागला, ही अमेरिकन गणना अशा वांटणीनेंच केलेली आहे. शिवाय, ज्या सूचीवरून मोजावयाचें तींत मराठी नियतकालिकें बहुधा नसतातच. तेव्हां आंकडा ऐकतांच सूची कोणाची व वांटणी कशी, हें विचारावें.

प्रसार मोजण्यासाठीं युजीन गारफील्ड यानें १९६४ सालीं फिलाडेल्फियाहून निर्देश-सूची प्रसिद्ध केली. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढें कोणीं कोणीं केला, हें तींत सांपडतें. कल्पना उत्तम, पण या सूचीच्या आधारें आतां नेमणुका आणि अनुदानें ठरूं लागलीं आहेत आणि गणना साधारणतः अलीकडच्या दोन-पांच वर्षांचीच धरतात. संशोधनाच्या आयुष्यास हा हिशेब कसा पुरावा?

वरील निबंधाचीच कथा पाहा. त्याचा मुख्य आधार म्हणजे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८५९ च्या सप्टेंबरांत घेतलेली नोंद. क्षितिजसमांतर चुंबकबल त्या वेळीं सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घटलें होतें. ही नोंद घेणाऱ्यांच्या खातीं १४४ वर्षांनंतरच्या या उपयोगाचें श्रेय कोणती सूची मांडणार? विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांनीं सूक्ष्म उपकरणें बिघडतील, या भयानें वेधशाळेचें चुंबकीय काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेव्हां संचालक नानाभाई मूस यांनीं दोन्ही ठिकाणीं कांहीं काळ एकदम नोंद चालू ठेविली. मालिका तुटूं नये, हा त्यांचा हेतु. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदींचे त्यांचे दोन खंड १९१० सालीं निघाले. साठ वर्षांचें हें काम निबंधांच्या गणनेंत फार तर दोन म्हणून मोजलें जाईल! अशा गणनेवर अनुदानें दिलीं, तर रोज उपकरण तपासून नोंद राखणारा मनुष्य नेमावयास कोण धजेल, याची मला काळजी वाटते.

थळच्या कारखान्याची गोष्ट याहून वेगळी. हवेंतील नत्रवायूचा हायड्रोजनशीं संयोग घडवून अमोनिया करणें फ्रिट्झ हाबर यास १९०९ सालीं साधलें. बॉश यानें १९१३ पर्यंत त्याचा कारखाना उभा केला. तीच विद्या थळास अमोनियाच्या व त्यापासून युरियाच्या रूपानें पिकांपर्यंत जाते. प्रसार म्हणावा तर हा केवढा! पण कारखाना निबंध लिहीत नाहीं, म्हणून निर्देश-सूचींत तो उमटतही नाहीं. इतकेंच नव्हे, ज्ञान सर्वांच्या अंगवळणीं पडलें कीं मूळ लेखकाचें नांवही गळून पडतें; गुरुत्वाकर्षणाविषयीं लिहितांना न्यूटनच्या ग्रंथाचा हवाला आतां कोण देतो?

अलीकडे मूळ नोंदींनाच ओळखक्रमांक देऊन निबंधाप्रमाणें त्यांचाही उल्लेख करण्याची पद्धति रूढ होत आहे. निरनिराळ्या देशांतील वेधशाळा आपल्या नोंदी एका आंतरराष्ट्रीय जाळ्यांतून परस्परांस देतात, आणि अलिबाग त्यांपैकीं एक आहे.