भिंतीवरची पाल, पठारावरचा सरडा : मुलांसाठी निरीक्षणाचे धडे

दिवाळीच्या आवराआवरीत भिंतीवरची तसबीर किंवा घड्याळ खाली उतरवले की त्यामागे कधीकधी वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी सापडतात आणि बहुतेक वेळा ती केरात जातात. ही अंडी पालीची असतात. पाल एका वेळी साधारणपणे दोनच अंडी घालते. घालताना त्यांचे कवच मऊ असते, हवा लागताच ते कडक होते आणि उबेनुसार दीड-दोन महिन्यांनी त्यातून स्वतःची शिकार स्वतः करू शकणारे पिल्लू बाहेर पडते. अशी अंडी सापडल्यास ती न हलवता, न उलटवता जागेवरच ठेवून तारीख लिहून ठेवली, तर मुलांच्या पहिल्या प्राणिशास्त्रीय नोंदवहीची सुरुवात घरातच होते. सरड्यांच्या कुळाची ओळख व्हायला प्राणिसंग्रहालय लागत नाही. दिव्याजवळची भिंत, अंगणाचे कुंपण आणि गावाबाहेरचा माळ एवढे त्यासाठी पुरे आहे.

या ओळखीच्या आड येते ती मोठ्यांची भीती. पाल अंगावर पडण्याचे शुभाशुभ फळ आजही पंचांगात छापले जाते आणि पाल विषारी असल्याचा समज शिकल्यासवरल्या घरांतही टिकून आहे. वास्तविक भारतातल्या कोणत्याही पालीला विषग्रंथी नाहीत. सापसुरळी ही गुळगुळीत, चकचकीत खवल्यांची जमिनीवरची चपळ जातही तितकीच निर्विष असून, तिच्या वाट्याला आलेली विषारीपणाची कीर्ती सर्वस्वी खोटी आहे. पालीच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवणे आणि हात साबणाने धुणे आवश्यक असते. परंतु ही स्वच्छतेची बाब झाली, विषाची नव्हे. जिच्यामुळे शंकेची पाल चुकचुकते असे म्हटले जाते, ती चुकचुक म्हणजे एका पालीने दुसरीला दिलेली हद्दीची सूचना किंवा जोडीदाराला घातलेली साद असते.

पाल गुळगुळीत भिंतीवर आणि छतावर उलटी कशी चालते, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फार सुंदर आहे. तिच्या बोटांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी सूक्ष्म रोम असतात आणि प्रत्येक रोमाचे टोक शेकडो अतिसूक्ष्म, चपट्या शाखांत विभागलेले असते. या शाखा पृष्ठभागाच्या इतक्या जवळ जातात की दोन्हींच्या रेणूंमध्ये व्हान डर वाल्स बल, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधले क्षीण आकर्षण, निर्माण होते. एका शाखेपुरते ते नगण्य असले तरी असंख्य शाखांची बेरीज पालीचा भार सहज पेलते. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली टोके या मोठ्या पालीच्या एकाच रोमाचे बल मोजले आणि २००२ साली या चिकटण्यामागे व्हान डर वाल्स बल असल्याचा पुरावा मांडला. पालीच्या पायाला डिंक नसतो, चोषकही नसतात. रोमाचा कोन बदलला की पकड तत्काळ सुटते, म्हणूनच ती चिकटूनही धावू शकते.

कोनाचे हे तत्त्व चिकटपट्टीच्या तुकड्याने घरी पडताळता येते. तुकडा टेबलावर दाबून बसवावा आणि त्याचे मोकळे टोक टेबलाला समांतर ओढावे. तो जागचा हलत नाही. तेच टोक वर उचलून ओढले की तो अलगद सुटून येतो. चिकटपट्टीला गोंद असतो आणि पालीला नसतो, हा फरक मात्र मुलांना सांगायला हवा. याहून आनंददायक निरीक्षण म्हणजे खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेली पाल आतून पाहणे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने दुरूनच मोठे करून घेतलेल्या छायाचित्रात बोटांखालच्या पट्ट्या मोजता येतात आणि मादी गाभण असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन अंडी पांढरी दिसतात. सोबत डोळ्यांकडेही लक्ष द्यावे. घरातल्या पालीला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने चाटून स्वच्छ करते. जमिनीवरच्या लेंडीच्या टोकाला पांढरा भाग दिसतो, ते यूरिक आम्ल होय. शरीरातले पाणी वाचवण्यासाठी पाल मूत्राऐवजी ते घट्ट रूपात टाकते.

संध्याकाळी दिवा लागल्यावर अर्धा तास भिंतीचा नकाशा काढावा. दिवा कोठे आहे, कोणती पाल कोणत्या कोपऱ्यातून येते, तुडतुडे आणि पतंग यांपैकी काय पकडते, दुसरी आल्यावर कोण मागे हटते, हे रोज त्याच वेळी नोंदवले की काही दिवसांत हद्दी स्पष्ट होतात. पाली वेगवेगळ्या ओळखण्याची उत्तम खूण म्हणजे शेपटी. संकटात पाल आपली शेपटी ठरावीक जागी तोडून टाकते. यास स्वयंविच्छेदन म्हणतात आणि त्यासाठी शेपटीच्या मणक्यांत आधीपासूनच कमकुवत रेषा असतात. तुटलेला तुकडा काही मिनिटे वळवळत राहतो, शत्रूचे लक्ष तिकडे जाते आणि पाल निसटते. नव्याने आलेल्या शेपटीत मणके नसून कूर्चेचा दांडा असतो आणि तिचा पोत व रंग मूळ शेपटीहून वेगळा दिसतो. शेपटीत चरबी साठवलेली असते, त्यामुळे ती गमावणे पालीला महाग पडते. गंमत म्हणून शेपटी तोडायला लावणे हा क्रूरपणाच आहे आणि मुलांना तो तशाच स्पष्ट शब्दांत सांगावा.

दिवसाच्या निरीक्षणासाठी कुंपणावरचा सरडा योग्य. त्याच्या शरीराची ऊब बाहेरून मिळते, म्हणून सकाळी तो उन्हात अंग पसरून बसतो आणि तापल्यावरच शिकारीला लागतो. तो किती वाजता बाहेर येतो, त्या वेळी उन्हातले व सावलीतले तापमान किती असते, हे साध्या तापमापकाने नोंदवता येते. विणीच्या काळात नराचे डोके आणि गळा लालभडक होतो आणि तो पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वरखाली होतो. तो इतर नरांना दिलेला इशारा असतो. त्याच्या डोक्यावर मध्यभागी प्रकाश जाणवणारा एक लहानसा तिसरा डोळाही असतो.

रंग बदलण्याबद्दल मात्र गैरसमज फार. शॅमेलिऑन, ज्याला काही भागांत घोयरा म्हणतात, तो पार्श्वभूमीची नक्कल करण्यापेक्षा ऊब शोषण्यासाठी आणि दुसऱ्या शॅमेलिऑनशी संवाद साधण्यासाठी रंग बदलतो. मादागास्करमधल्या एका जातीवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, त्याच्या त्वचेच्या पेशींत सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि स्फटिकांमधले अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो.

गोव्यात आणि दक्षिण कोकणाच्या बागांत व जंगलांत उडता सरडा आढळतो. त्याच्या लांब बरगड्यांवर ताणलेला पडदा उघडला की तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. सारख्याच कागदाचे दोन तुकडे घेऊन एक गुंडाळून आणि दुसऱ्याला बाजूंनी पंख काढून एकाच उंचीवरून सोडले, तर हवेचा आधार म्हणजे काय ते लहान मुलांनाही कळते.

घोरपड या सर्वांत मोठी. तिची दुभंगलेली जीभ हवेतले गंधकण उचलते आणि टाळूतील जेकबसन नावाच्या इंद्रियापर्यंत पोचवते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे; तरीही मांसासाठी आणि अंधश्रद्धेपोटी तिची शिकार होते, ही अत्यंत खेदाची गोष्ट आहे.

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्याच्या शेवटी दिसणारा सरडा महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवा. नराच्या गळ्याखालची घडी उघडली की निळा, काळा आणि नारिंगी असा पंखा झळकतो. व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली या सरड्यांसाठी नवी प्रजाती स्थापली आणि तिचे शास्त्रीय नाव ‘सरडा’ हेच ठेवले. चाळकेवाडीची जात ‘सरडा सुपर्बा’ होय. याच पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी आणि सरडे अधिक आढळले. तिथले सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देत होते, मात्र त्यांच्या नरांचे रंग फिके होते. मे महिन्याच्या सुट्टीत पठारावर जाणाऱ्या मुलांनी दुर्बीण आणि रंगपेटी बरोबर न्यावी, दगड उलथू नयेत, नर ज्या दगडावर चढून पंखा उघडतो त्यापासून दूर बसावे आणि चक्क्यांजवळचा व चक्क्यांपासून लांबचा असे दोन पंखे शेजारी शेजारी रंगवून पाहावेत.