प्रतिकृति आणि तिचें प्रमाण

दिवाळी जवळ आली कीं महाराष्ट्रांत अंगणोअंगणीं मुलें मातीचे किल्ले उभारूं लागतात. दगडविटांचा डोंगर रचून त्यावर तट व बुरूज करितात, अळीव पेरून हिरवळ आणितात आणि माथ्यावर शिवाजीमहाराजांची मूर्ति बसवितात. पदार्थसंग्रहालयांतील डोंगर, इमारती व प्राणी यांच्या प्रतिकृति ज्या कलेनें होतात, तिचाच हा पहिला धडा होय. मात्र या किल्ल्यावर पहारा देणारा मावळा पुष्कळदां बुरुजाहूनहि उंच असतो! खेळांत तें शोभतें. शिक्षणाकरितां केलेल्या प्रतिकृतींत तें चालत नाहीं.

मूळ वस्तूच्या प्रत्येक मापास एकाच संख्येनें भागणें, यास प्रमाण राखणें म्हणतात. भाजक ५० घेतला तर १० मीटर उंचीचा बुरूज २० सेंटीमीटरांचा होतो, आणि १७० सेंटीमीटर उंचीचा शिपाई अवघा ३.४ सेंटीमीटरांचा. मग पाहणारास बुरुजाची खरी भव्यता आपोआप कळते.

परंतु मोठ्या प्रदेशाचा उठावाचा नकाशा करावयाचा झाल्यास निराळीच अडचण येते. १ किलोमीटरास १ मिलिमीटर असें प्रमाण धरूं. महाराष्ट्राची पूर्वपश्चिम लांबी सुमारें ८०० किलोमीटर; ती ८० सेंटीमीटरांत मावते. पण राज्यांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. तें या नकाशावर तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढेंच उठेल! सह्याद्रि हातास लागावा म्हणून कारागीर उंची दसपट वाढवितात. मग २ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा एक थर म्हणजे २०० मीटर उंची. समोच्चरेषांप्रमाणें थर कापून ते एकावर एक चिकटवावे, मधल्या पायऱ्या कागदाच्या लगद्यानें भराव्या व वर रंग द्यावा; आठ थरांत कळसूबाई उभी राहते.

वाराणसीच्या भारतमाता मंदिरांत संगमरवरांत कोरलेला अखंड हिंदुस्थानचा विशाल नकाशा आहे. बाबू शिवप्रसाद गुप्त यांस ही कल्पना पुण्याच्या महर्षि कर्वे यांच्या आश्रमांतील मातीचा नकाशा पाहून सुचली. महात्मा गांधींनीं १९३६ सालीं त्या मंदिराचें उद्घाटन केलें. त्या नकाशांतहि उंचीचें प्रमाण लांबीरुंदीहून मोठें घेतलें आहे. असें करण्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु तें सांगितलें पाहिजे. नकाशाच्या पायथ्याशीं 'उंची दसपट' एवढे दोन शब्द नसतील, तर सह्याद्रीचे सर्व उतार भिंतीसारखे उभे आहेत, असाच समज बालमनांत कायमचा बसेल. बाजारांत खोटें माप देणें जसें पाप, तसेंच हें होय.

जें आज डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं, त्याच्या प्रतिकृतींत आणखी एक दक्षता लागते. लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथें शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनीं १८५४ सालापर्यंत लुप्त प्राण्यांचे पूर्णाकृति पुतळे उभारिले. त्यांतील इग्वानोडॉन या प्राण्याच्या नाकावर एक शिंग बसविलें आहे. त्या काळीं विद्वानांच्या हातीं दांत व थोडीं विखुरलेलीं हाडेंच होतीं. पुढें १८७८ सालीं बेल्जममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणींत संपूर्ण सांगाडे सांपडूं लागले, आणि तें शिंग नसून हाताच्या आंगठ्याचें टोंक आहे, असें सिद्ध झालें. ते पुतळे अजून तेथेंच आहेत. मनुष्याचें ज्ञान कसें पायरीपायरीनें वाढतें, हें ते शिकवितात. म्हणून प्रतिकृतींत पुराव्यानें ठरलेला भाग कोणता व अनुमानाचा कोणता, हेंहि पाटीवर लिहिलेलें असावें.

विद्यार्थिमित्रांनो, यंदा किल्ला कराल तेव्हां आधीं प्रमाण ठरवा व मावळा त्या मापाचा घडवा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच, कीं शाळेच्या प्रदर्शनांत एखादी प्रतिकृति पाहून 'किती सुंदर!' असें म्हणण्यापूर्वीं, 'बाळ, हिचें प्रमाण काय?' असें त्यांनीं अवश्य विचारावें.