लपेटीचे अक्षर शाळेत राहावे काय?

जून महिन्यात शाळा उघडल्या म्हणजे दप्तर, छत्री आणि गणवेश यांच्याबरोबर आमच्या गावच्या आईबापांना चार ओळींच्या वह्याही विकत घ्याव्या लागतात. दुसरी-तिसरीतील मुलाने त्या वहीत इंग्रजी अक्षरे एकमेकांस जोडून, हात न उचलता लिहावयाची असतात. शाळेत यास 'कर्सिव्ह' म्हणतात. आपण मराठीत लपेटीचे अक्षर म्हणू. संध्याकाळी मूल रडत रडत पान पुरे करते, आणि बाप आम्हांस विचारतो, "फादर, हा पोरगा उद्या बँकेत लागला काय किंवा आखातात गेला काय, लिहिणार ते यंत्रावरच. मग हा छळ कशाला?" प्रश्न रास्त आहे. पूर्वापार चालत आले आहे म्हणून चालू द्यावे, हे त्याचे उत्तर नव्हे.

जोडलेले अक्षर केवळ शोभेसाठी जन्मास आले नाही. पिसाची किंवा बोरूची लेखणी कागदावरून वारंवार उचलली तर शाई ठिबकते, आणि कारकुनाचा वेळही जातो. म्हणून लेखणी टेकली की शब्द संपेपर्यंत ती चालू ठेवावयाची, अशी रीत पडली. पुढे लाझ्लो बिरो याने १९३८ साली बॉलपेनचे एकस्व घेतले आणि ती लेखणी जगभर पसरली. ती कितीही वेळा उचलली तरी डाग पडत नाही. लपेटीची अर्धी गरज तेथेच सरली, आणि उरलेली अर्धी संगणकाने संपविली असे पुष्कळांस वाटते.

तसे वाटूनच अमेरिकेत २०१० साली बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या समान अभ्यासक्रमात या अक्षराचा उल्लेखही ठेवला नाही. फिनलंडने २०१६ पासून त्याची सक्ती काढून यंत्रावर टंकन करण्यास जागा दिली. सुटी अक्षरे मात्र तेथील मुले अजून हातानेच गिरवितात. पण अमेरिकेतील फळ लवकरच दिसू लागले. हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी अध्यक्षा आणि इतिहासकार ड्रू गिल्पिन फॉस्ट यांनी २०२२ साली लिहिले की, त्यांच्या वर्गातील सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांना लपेटीचे अक्षर वाचता येत नव्हते. लिहिण्याची गोष्ट नव्हे, वाचण्याची! वीसहून अधिक राज्यांनी हा विषय पुन्हा आणला आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ साली कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांत तो परत घेतला.

परंतु हे समजून घेण्यास मराठी माणसाने अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या भाषेत हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. मोडी ही मराठीची लपेटीची लिपी होय. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री पंडित याने ती आणली अशी परंपरा आहे. विद्वानांत त्याविषयी मतभेद आहेत. कागदावर आधी आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली अक्षरे, बोरू शक्यतो न उचलता, एकामागून एक सोडत जावयाची. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा नाही. छत्रपतींच्या चिटणिशीपासून गावच्या कुलकर्ण्याच्या चोपडीपर्यंत सर्व व्यवहार याच हाताने चालला. पुण्याचे पेशवे दप्तर, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे आणि बडोद्याचे गायकवाड यांची दप्तरे, दूर तंजावरचे कागद, हे सारे मोडीतच आहे. विल्यम केरी यांनी श्रीरामपूर येथे १८१० साली छापलेल्या मराठी कोशात मोडीचे खिळेही वापरले होते. पण छपाईला सुटे, उभे अक्षर सोयीचे पडते. छापील पुस्तके बालबोधात निघू लागली, पुढे टंकयंत्रेही बालबोधाचीच झाली, आणि १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी उठली.

तो निर्णय अविचाराचा होता असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाच्या मुलाचे एका लिपीचे ओझे उतरले. जे हाताने लिहावयाचे तेच पुस्तकात वाचावयाचे, ही सोय लहान नव्हे. चुकले ते एवढेच की, मोडी लिहिणे थांबले त्याबरोबर वाचणेही थांबले. ज्यांनी शाळेत मोडी गिरविली अशी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि दरवर्षी आम्ही त्यांतील काहींना माती देतो. त्यांच्या नातवंडांच्या घरी खरेदीखत आहे, वाटणीपत्र आहे, पणजोबाची सहीही आहे; आणि कोणास एक ओळ लागत नाही. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदी शोधावयास घेतल्या, तेव्हा जुन्या दप्तरांसाठी मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. हजारो कुटुंबांचे दाखले त्या थोड्या माणसांच्या डोळ्यांवर अवलंबून राहिले. जमिनीच्या दाव्यात तर वाचणारा म्हणेल ते खरे, कारण पडताळून पाहण्याचे सामर्थ्य पक्षकारापाशी नाही.

आम्हां धर्मगुरूंस हीच अडचण चर्चच्या दप्तरात भेटते. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामात ठेवाव्यात आणि जुन्या वह्या काळजीने जपाव्यात, असा चर्चच्या विधिसंहितेचा नियम आहे (१९८३, कलम ५३५). वह्या जपता येतात; वाचणारा कोठून आणावा? गोव्यातील आणि तेथून आलेल्या धर्मगुरूंनी भरलेल्या जुन्या वह्या पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत, लपेटीच्या हाताने लिहिलेल्या असतात. त्यांत कागद वाचविण्यासाठी नावे आखूड केलेली. महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि त्यास जोडून 'ब्रो' एवढेच लिहिलेले असते. नवखा वाचक तो जुलै समजतो. तो असतो सप्टेंबर, कारण लॅटिन भाषेत 'सेप्टेम' म्हणजे सात. असा दोन महिन्यांचा फरक एकदा दाखल्यात उतरला की आजोबाची जन्मतारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी होते. मग वारसाहक्कासाठी किंवा परदेशच्या कागदपत्रांसाठी कुटुंबाने हेलपाटे घालावेत.

आणि ही गोष्ट शेदीडशे वर्षांपूर्वीच्याच कागदांची आहे असेही नाही. एका घरी रेल्वेत नोकरीस असलेल्या आजोबांची इंग्रजी पत्रे आम्हांस दाखविली. नातू इंग्रजी माध्यमात दहावीस. इंग्रजी फाडफाड बोलणारा. पत्र हाती देताच म्हणाला, "फादर, हे कुठल्या भाषेत आहे?" त्याच्या शाळेने लपेटीचे अक्षर कधी शिकविलेच नव्हते. पत्र त्याच्या आजीस लिहिलेले होते आणि आजी निरक्षर. त्या घरात ते पत्र आता कोणी कोणास वाचून दाखवू शकत नव्हते.

कोणी म्हणेल, यंत्रे आता हस्ताक्षरही वाचू लागली आहेत. लागली आहेत खरी, आणि ती सुधारतही जातील. पण यंत्राने 'पेद्रू'चा 'पेद्रीना' केला तर चूक दाखविणारा मनुष्य हवाच ना? मेंदूविषयी जे सांगितले जाते तेही जपून घ्यावे. नॉर्वेतील त्रोन्हाइम येथील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ विद्यार्थी घेतले; हाताने लिहिताना त्यांच्या मेंदूच्या निरनिराळ्या भागांत जो मेळ दिसला तो कळा दाबताना दिसला नाही. यावरून हाताने लिहावे हे पटते. सुटी अक्षरे सोडून जोडलेलीच लिहावीत, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा त्या आधारावर मुलास वेठीस धरू नये.

आमचे मत असे. लपेटीचे अक्षर शाळेत राहावे, परंतु आजच्या रीतीने नव्हे. आमच्या मुलाचा हात आधीच गोंधळलेला असतो. मराठी अक्षर वरच्या रेघेला लोंबकळते, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. बेळगाव-खानापूरकडील मुलास त्यातच कन्नडची गोल वळणे. इतक्यात त्याच्यावर इंग्रजीचे दुसरे वळण लादणे म्हणजे पेरणी होण्याआधीच खुरपणी काढणे होय. पहिली-दुसरीत सुटे अक्षर स्थिर होऊ द्यावे. चौथीच्या सुमारास एक वर्ष, रोज वीस मिनिटे, लपेटी गिरवून घ्यावी. कारण हाताने काढलेले वळण डोळा लवकर ओळखतो. पुढे मूल परीक्षेत कोणत्या हाताने लिहिते हे त्याच्यावर सोडावे. दहावीची उत्तरपत्रिका आजही हातानेच लिहावी लागते. तेथे वाचता येईल असे आणि वेळेत पुरे होईल असे अक्षर पुरे. सौंदर्यासाठी गुण कापू नयेत. आणि डावखुऱ्या मुलाच्या बोटांवर पट्टी मारणारा शिक्षक अजून कोठे असेल तर पालकांनी त्यास खडसावून जाब विचारावा.

वाचनाचा भाग मात्र सोडू नये. पाचवी ते सातवीत महिन्यातून एक तास जुनी पत्रे, जुने दाखले, दुसऱ्याच्या हातचे लेखन मुलांपुढे ठेवावे. हायस्कुलात इतिहासाचे शिक्षक मोडीची ओळख करून देऊ शकतील. २०१४ पासून मोडीस संगणकाच्या युनिकोड संचात स्थान मिळाले आहे, तेव्हा छापील पाठ तयार करणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही.

ज्या कुटुंबांत जुने कागद आहेत त्यांनी आणखी एक करावे. घरात वृद्ध माणूस असेल तर त्यास कागद दाखवून, तो वाचील ते बालबोधात उतरून घ्यावे आणि कागदाचे छायाचित्रही काढून ठेवावे. मूळ कागद प्लास्टिकमध्ये डकवून घेऊ नयेत. आपल्याकडील दमट हवेत ते आतल्या आत कुजतात, आणि मग सोडविताही येत नाहीत. जुन्या दप्तरखान्यांत रुमाल बांधीत, तसे ते धुतलेल्या सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावेत, आणि पावसाळा सरला की उघडून वाळवी पाहावी.